हौतात्म्यकथा आणि वाचलेला माणूस

१

हौतात्म्यकथा हा वाङ्मयप्रकार लेखकाच्या दृष्टीने एका अर्थी सोयीचा असतो. त्यात नायकाचे मन अखेरपर्यंत बदलण्याची आवश्यकता नसते. ज्या श्रद्धेने तो घराबाहेर पडतो त्याच श्रद्धेने तो मरणाला सामोरा जातो, आणि त्याचे मरण त्याच्या पूर्वीच्या प्रत्येक उक्तीला व कृतीला एक निश्चित अर्थ देऊन टाकते. परंतु हल्ला व्हावा, देहाची विटंबना व्हावी, सोबती डोळ्यांदेखत मारला जावा, आणि इतके होऊनही तो माणूस जिवंत राहावा, अशी वेळ आली की या वाङ्मयप्रकाराची घडी विस्कटते. मृत्यू जे प्रश्न मिटवून टाकतो ते प्रश्न जगणे पुन्हा उघडे करते. ज्यांना तारण्यासाठी तो आला त्यांच्याच भूमीत त्याच्यावर घाव पडले, हे ज्ञान बाळगून त्याला पुढचे दिवस काढावयाचे असतात. या दिवसांत त्याच्यात नेमका कोणता पालट घडतो, आणि तो पालट वाङ्मयाला कितपत पकडता येतो, हा प्रश्न धर्मेतिहासाचा आहे तितकाच तो समीक्षेचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फ्रेंच जेझुइट इझाक झोग यांच्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच आढळेल. १६०७ साली ऑर्लेआं येथे जन्मलेले झोग १६२४ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि १६३६ मध्ये, गुरुदीक्षा मिळाली त्याच वर्षी, 'नव्या फ्रान्स'मध्ये, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व भागात पोहोचले. तेथे स्वतःला वेंडाट म्हणविणाऱ्या आणि फ्रेंचांनी हुरोन असे नाव दिलेल्या लोकांमध्ये त्यांनी सहा वर्षे काढली. फ्रान्सिस पार्कमन या बॉस्टनच्या प्रॉटेस्टंट इतिहासकाराने उत्तर अमेरिकेतील जेझुइटांवर १८६७ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात झोग यांचे जे चित्र उमटते ते सौम्य, विनयशील व विद्याव्यासंगी माणसाचे आहे. मिशनच्या साधनांत आणखी एक गोष्ट नमूद आहे. ख्रिस्तासाठी दुःख भोगण्याची संधी आपणास मिळावी, अशी प्रार्थना त्यांनी हुरोनांच्या प्रदेशातच केली होती. म्हणजे हौतात्म्य ही त्यांच्या दृष्टीने आपत्ती नव्हती, ती मनाशी बाळगलेली एक इच्छा होती.

ऑगस्ट १६४२ च्या आरंभी ही इच्छा सत्याच्या पातळीवर उतरली. त्रॉय-रिव्हियेर येथून सुमारे चाळीस माणसांचा एक नौकाताफा हुरोनांच्या प्रदेशाकडे निघाला असता, इरोक्वाय संघातील मोहॉक योद्ध्यांनी त्यावर हल्ला केला. झोग, रने गूपील हा शल्यवैद्य, गियोम कुत्यूर हा तरुण आणि अनेक ख्रिस्ती हुरोन पकडले गेले. झोग यांची नखे उपटली गेली, तर्जन्या चावून चिरडल्या गेल्या. पुढे डाव्या हाताचा अंगठा कापला गेला. गूपीलने एका मुलावर क्रुसाची खूण केली म्हणून २९ सप्टेंबर १६४२ रोजी कुऱ्हाडीच्या घावाने त्याचा अंत झाला. झोग मात्र ओसेर्नेनोन या मोहॉक गावात एक वर्षाहून अधिक काळ गुलाम म्हणून जिवंत राहिले, १६४३ मध्ये डच वसाहतवाल्यांच्या साह्याने सुटले, फ्रान्सला पोहोचले, आणि १६४४ मध्ये पुन्हा कॅनडात परतले.

या अनुभवाची दोन वाङ्मयीन रूपे येथे समोरासमोर ठेवावयाची आहेत. एक, ५ ऑगस्ट १६४३ या तारखेचे, रेन्सेलारस्वाइक या डच वसाहतीतून झोग यांनी आपल्या प्रांताधिकाऱ्यांना लिहिलेले दीर्घ लॅटिन पत्र. दुसरे, ब्रायन मूर यांची १९८५ साली प्रसिद्ध झालेली 'ब्लॅक रोब' ही इंग्रजी कादंबरी. तिचा नायक कल्पित असला तरी त्याच्या यातनांना झोग यांच्या यातनांचा आधार स्पष्ट दिसतो. पहिल्या लेखनामागे श्रद्धेची चौकट आहे, दुसऱ्यामागे श्रद्धा गमावलेल्या युगाची. दोन्ही चौकटी अनुभवाला आपापल्या परीने वाकवितात. परंतु कोणती चौकट कोठे तडकते, हे पाहण्यासारखे आहे.

२

झोग यांच्या पत्राचा आरंभच भाषेच्या अडचणीने होतो, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही. पत्र कोणत्या भाषेत लिहावे याविषयी ते साशंक आहेत. दीर्घकाळ न वापरल्यामुळे फ्रेंच आणि लॅटिन या दोन्ही भाषा आपल्याला सारख्याच परक्या झाल्या आहेत, असे ते सांगतात. अखेर ते लॅटिन निवडतात आणि त्याची कारणेही देतात. धर्मग्रंथातील वचने लॅटिनमध्ये अधिक सहजतेने वापरता येतील, हे एक. आणि पत्र वाटेल त्याच्या हाती पडले तरी त्याला ते वाचता येऊ नये, हे दुसरे.

या निवडीत एका जखमी मनाची सारी अवस्था सामावलेली आहे. मातृभाषेत वेदना सांगावयाची तर ती नव्याने, स्वतःच्या शब्दांत सांगावी लागते. लॅटिनमध्ये मात्र स्तोत्रकर्त्याचे, इयोबाचे, प्रेषित पौलाचे शब्द आधीच तयार आहेत. यातना त्या शब्दांच्या आश्रयाला गेली की तिला अर्थ प्राप्त होतो. आधुनिक वाचकाला या पत्रातील वचनांची दाटी कधी कधी कृत्रिम वाटते. परंतु तिला अलंकरण मानणे ही चूक ठरेल. जो माणूस दोन भाषा विसरत चालला आहे त्याने तिसऱ्याच कोणाच्या तरी शब्दांना घट्ट धरून ठेवणे, हे जगण्याचेच एक साधन आहे.

तथापि पत्राचे खरे मोल जेथे ही तयार भाषा अपुरी पडते तेथे आहे. हल्ल्याच्या वेळी झोग बोरूच्या दाटीत लपलेले होते आणि कदाचित निसटूही शकले असते. गूपील आणि हुरोन सोबती पकडले गेलेले पाहून ते स्वतः होऊन शत्रूच्या स्वाधीन झाले. येथपर्यंत कथा हौतात्म्याच्या वळणानेच जाते. पण पुढे अंगठा कापण्याचा प्रसंग येतो, आणि तो कापण्याची आज्ञा मोहॉकांनी एका बंदिवान ख्रिस्ती अल्गोन्क्विन स्त्रीला केलेली असते. घाव घालणारा हात मिशनने बाप्तिस्मा दिलेल्या जमातीचाच आहे, आणि तो घाव भयाने, नाइलाजाने घातला जातो. हौतात्म्यकथेला एक बाजू निष्पापांची आणि एक बाजू छळकांची लागते. या स्त्रीला त्यांपैकी कोणत्याच बाजूला उभे करता येत नाही. झोग तिला दोष देत नाहीत. तिच्यासाठी त्यांच्यापाशी तयार वचनही नाही.

दुसरे असेच स्थळ म्हणजे ज्या घरात ते गुलाम म्हणून राहिले त्या घराशी जोडलेली वृद्ध स्त्री. ती त्यांना भाचा म्हणे आणि ते तिला जे संबोधन वापरीत ते फ्रेंच वृत्तान्तांत 'तांत' या शब्दाने नोंदले गेले आहे. फ्रेंच वा इंग्रजी अनुवादकाला येथे अडखळावे लागत नाही. मराठीला मात्र मावशी, आत्या, काकू, मामी यांतून एक नाते निवडावे लागते, आणि ही सक्ती या ठिकाणी ज्ञानदायक ठरते. इरोक्वाय नातेव्यवस्थेत आईची बहीण ही आईच मानली जाते; वेगळी संज्ञा असते ती वडिलांच्या बहिणीला. म्हणून मराठीत या स्त्रीला 'आत्या' म्हणणेच सयुक्तिक होईल. एवढ्या एका शब्दाने परिस्थिती पार पालटते. जो अनेकांचा 'फादर' होण्यासाठी समुद्र ओलांडून आला, तो शत्रूच्या गावात कोणाचा तरी भाचा झाला. आणि त्याचे अन्न, त्याचा निवारा, त्याचा जीव या एका नात्यावर अवलंबून राहू लागला.

हल्ल्यामुळे झोग यांच्यात झालेला पहिला पालट हा आहे. त्यांची श्रद्धा डळमळली असे पत्रात कोठेही दिसत नाही. मरणोन्मुख मुलांना व बंद्यांना बाप्तिस्मा देण्याचे कार्य त्यांनी गुलामगिरीतही चालू ठेवले; अशा बाप्तिस्म्यांची संख्या ते सुमारे सत्तर सांगतात. परंतु दात्याची जागा त्यांनी गमावली होती. अखेरीस त्यांची सुटका झाली तीही पाखंडी मानल्या गेलेल्या प्रॉटेस्टंट डचांच्या हातून. योहानेस मेगापोलेन्सिस या डच धर्मोपदेशकाने त्यांच्याशी मैत्रीने वागून त्यांना साह्य केले. आल्या घरी उपकार करणारा माणूस उपकार स्वीकारणारा झाला, आणि ज्यांच्याकडून स्वीकारावे लागले ते सगळे त्याच्या धर्मसंघाच्या सीमेबाहेरचे होते.

दुसरा पालट निर्णयाच्या बाबतीत आहे. डचांनी पळून जाण्याची योजना समोर ठेवली तेव्हा झोग यांनी विचार करण्यासाठी एक रात्र मागून घेतली. पळून जाणे ईश्वराला अधिक रुचेल की राहणे, हे त्यांना ठरवावयाचे होते. डच मंडळींना या मागणीचे आश्चर्य वाटले. पूर्वीचा झोग या प्रसंगी कदाचित क्षणाचाही विलंब न लावता राहिला असता. कारण हौतात्म्याची ओढ असलेल्या मनापुढे पर्याय नसतात. रात्र मागणाऱ्या माणसापुढे ते असतात. जिवंत राहण्यातही काही कर्तव्य असू शकते, ही शक्यता त्याच्या मनात शिरलेली असते.

३

येथवर पत्राच्या सामर्थ्याचा विचार झाला. त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण 'शांतताप्रिय मिशनरी आणि हिंसक रानटी' ही विभागणी याच मर्यादांतून पुढच्या वाङ्मयात उतरली.

पत्रातील यातना ख्रिस्ताच्या यातनांच्या साच्यात बसविलेल्या आहेत. म्हणून त्या देणारे लोकही आपोआप त्या साच्यातील छळक होतात. मोहॉकांना स्वतःची कारणे असू शकतील हे पत्राच्या कक्षेत येत नाही. ब्रूस ट्रिगर यांचा हुरोनांवरील १९७६ चा ग्रंथ आणि डॅनियल रिक्टर यांचे इरोक्वाय युद्धपद्धतीवरील १९८३ चे विवेचन यांनंतर हे चित्र तसेच ठेवता येत नाही. १६३० नंतरच्या दशकात युरोपातून आलेल्या रोगांच्या साथींनी या प्रदेशातील गावेच्या गावे ओस पाडली. १६४० च्या सुमारास हुरोनांची लोकसंख्या निम्म्यावर आली होती. मोहॉकांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. इरोक्वाय समाजात मेलेल्या माणसाची घरातील जागा युद्धात पकडून आणलेल्या बंद्याने भरून काढण्याची रीत होती, आणि बंद्याला मारावयाचे की ठेवावयाचे यात घरातील स्त्रियांचा शब्द महत्त्वाचा असे. त्यात लोकरी कातड्यांच्या व्यापाराची स्पर्धा आणि डचांच्या बंदुका यांची भर पडली. या दृष्टीने पाहिले असता, दोन रांगांमधून मारीत नेणे, बोटे तोडणे आणि पुढे 'भाचा' म्हणून हाक मारणे या परस्परविरोधी गोष्टी उरत नाहीत. त्या एकाच सामाजिक व्यवहाराच्या दोन बाजू ठरतात. झोग यांची स्थिती अखेरपर्यंत गुलामाचीच राहिली हे खरे. परंतु आत्येची माया हा ईश्वरी कृपेचा एकाकी चमत्कार होता, असे मात्र आता म्हणता येणार नाही. त्या मायेला तिच्या समाजाचा आधार होता.

आणखी एक गोष्ट. १६४३ च्या उन्हाळ्यात मोहॉक एका फ्रेंच किल्ल्याकडे निघाले असता झोग यांनी त्यांच्याच हाती एक पत्र दिले आणि त्यातून फ्रेंचांना हल्ल्याची सूचना केली. हे पत्र फ्रेंच, लॅटिन आणि हुरोन या तीन भाषांच्या मिश्रणात लिहिलेले होते. फ्रेंचांनी सावध होऊन तोफा डागल्या. यानंतर गावात झोग यांच्या जिवाला धोका उत्पन्न झाला आणि पलायन अपरिहार्य ठरले. फ्रेंचांच्या दृष्टीने हे निष्ठेचे कृत्य होते. ज्या घराचे अन्न ते खात होते त्या घराच्या दृष्टीने तो विश्वासघात होता. शांतताप्रिय मिशनरी हा कधीच निव्वळ शांततेचा प्रतिनिधी नसतो, त्याच्यामागे एक राज्य उभे असते, हे यावरून दिसते.

मराठी वाचकाला हा मुद्दा दूरचा वाटण्याचे कारण नाही. जुलै १५८३ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, कुंकळ्ळी येथे, रोदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट मारले गेले. त्यामागे देवळांच्या विध्वंसाचा ताजा इतिहास होता. आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. फादर टॉमस स्टीफन्स हे त्या काळी गोव्यातच होते आणि त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या हत्येची हकीकत कळविली. तेहतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत छापले गेले. सहकाऱ्यांच्या रक्ताची वार्ता लिहिणारा लेखणीधारी पुढे त्याच लोकांच्या भाषेत ओवी रचतो, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासाने कौतुकाने सांगितली आहे आणि ते कौतुक अस्थानी नाही. पण झोग आणि स्टीफन्स यांत एक मूलभूत भेद आहे. स्टीफन्स यांच्या पाठीशी राजसत्ता होती. ओवी त्या सत्तेच्या छायेत रचली गेली. झोग यांनी जे वर्ष ओसेर्नेनोनमध्ये काढले त्यात त्यांच्या पाठीशी कोणीही नव्हते. मोहॉकांची भाषा ते शिकले ती पाणी आणताना, लाकडे वाहताना, शिकारीच्या मोसमात बायकांच्या मागून ओझे उचलून चालताना. सत्ताहीन अवस्थेत शिकलेली भाषा माणसाला निराळ्या रीतीने बदलते.

४

ब्रायन मूर यांच्या कादंबरीची जन्मकथा त्यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितली आहे. ग्रॅहम ग्रीन यांच्या एका निबंधातून ते पार्कमनकडे आणि पार्कमनकडून जेझुइटांच्या वार्षिक वृत्तान्तांकडे वळले. हे वृत्तान्त १६३२ पासून सुमारे चाळीस वर्षे पॅरिसमध्ये छापले जात होते आणि १८९६ ते १९०१ या काळात त्र्याहत्तर खंडांत इंग्रजी अनुवादासह पुन्हा प्रसिद्ध झाले. बेलफास्टमधील कॅथलिक कुटुंबात १९२१ साली जन्मलेल्या, श्रद्धा सुटलेल्या आणि १९४८ मध्ये कॅनडाला गेलेल्या या कादंबरीकाराला त्या कोरड्या वृत्तान्तांत विश्वासाचाच प्रश्न दिसावा, हे स्वाभाविक होते.

कादंबरीतील फादर लाफोर्ग हा तरुण जेझुइट, दानिएल हा त्याहूनही तरुण सोबती आणि अल्गोन्क्विनांची एक टोळी यांच्यासह दूरच्या हुरोन मिशनकडे निघतो. वाटेत टोळी त्याला सोडून देते. चोमिना हा त्यांच्यातील एक प्रमुख दिलेला शब्द मोडल्याची खंत वाटून परत फिरतो आणि त्याच क्षणी इरोक्वाय हल्ला करतात. चोमिनाची पत्नी मारली जाते, लहान मुलाची हत्या होते, लाफोर्गचे बोट कापले जाते. चोमिनाची मुलगी अनुका हिच्या धाडसामुळे ते सुटतात. परंतु चोमिना वाटेतच मरतो आणि मरताना बाप्तिस्मा नाकारतो. लाफोर्ग मिशनवर पोहोचतो तेव्हा तेथे साथ पसरलेली असते, एक पाद्री मारला गेलेला असतो आणि दुसरा पक्षाघाताने पंगू झालेला असतो.

मूर यांचे कौशल्य कथनदृष्टीच्या वाटणीत आहे. कादंबरी लाफोर्गच्या मनाइतकीच चोमिनाच्या आणि इतर स्थानिक पात्रांच्या मनांतूनही चालते. त्यांच्या नजरेला हे काळ्या झग्यातले लोक कुरूप, अडाणी आणि स्वार्थी दिसतात. ज्यांना स्वप्नांचा अर्थ कळत नाही आणि अन्न वाटून खाता येत नाही, असे हे लोक. म्हणून हल्ला होतो तेव्हा त्याचा भार लाफोर्गपेक्षा चोमिनावर अधिक पडतो. मिशनऱ्याने एक बोट गमावले. चोमिनाने पत्नी, पुत्र आणि प्राण गमावले, आणि तेही एका परक्या माणसाला दिलेला शब्द पाळण्यासाठी परत फिरल्यामुळे. हौतात्म्याचे सारे गुण एका अख्रिस्ती माणसाच्या ठायी आहेत हे लाफोर्गला दिसते. त्याची श्रद्धा ढासळते ती वेदनेमुळे नव्हे, या दर्शनामुळे. पत्रात जे स्थान त्या अल्गोन्क्विन स्त्रीने आणि आत्येने क्षणभर मागितले होते, ते येथे चोमिनाला पूर्णपणे मिळाले आहे. या एका बाबतीत कादंबरी पत्राच्या पुढे गेली आहे.

पण तिची वाकविण्याची जागाही याच ठिकाणी आहे. विसाव्या शतकातील लेखकाला मिशनऱ्याच्या मनातील पालट म्हणजे श्रद्धेचा क्षय, याखेरीज दुसऱ्या रीतीने कल्पिता येत नाही असे दिसते. हौतात्म्याची ओढ, यातना, संशय, प्रार्थनेचे मुकेपण, आणि अखेर ईश्वराच्या जागी माणसांविषयीचे प्रेम, अशी ही वाट आहे. शेवटी रोगाने भेदरलेले हुरोन त्याला विचारतात की त्याचे त्यांच्यावर प्रेम आहे का, आणि तो होकार देऊन त्यांना बाप्तिस्मा देतो. ज्या संस्काराच्या सामर्थ्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही तो संस्कार तो करुणेपोटी देतो. हा शेवट हृदय हेलावणारा आहे. तरी त्यात एक सुलभता आहे. श्रद्धा आणि प्रेम यांतील एकाने जागा सोडल्याखेरीज दुसरे आत येऊ शकत नाही, हे गृहीत कादंबरीने तपासलेले नाही. शूसाकू एन्दो यांच्या 'मौन' या १९६६ मधील जपानी कादंबरीशी तुलना केली तर ही उणीव अधिक जाणवते. तेथील पाद्रीही वाचतो, तोही पतित ठरतो. परंतु त्याचे पतन श्रद्धेचा शेवट आहे की तिचे निराळे रूप, हा प्रश्न एन्दो उघडा ठेवतात.

कादंबरीची दुसरी मर्यादा इरोक्वायांच्या चित्रणात आहे. अल्गोन्क्विनांना अंतरंग देणारा लेखक हल्लेखोरांना मात्र ते देत नाही. ते जंगलातून येतात, छळतात आणि कथेबाहेर जातात. ब्रूस बेरेसफर्ड यांनी १९९१ मध्ये केलेल्या चित्रपटावर, ज्याची पटकथा मूर यांचीच होती, मूलनिवासींच्या बाजूने लिहिणाऱ्या टीकाकारांनी हाच आक्षेप घेतला. तो केवळ न्यायाचा आक्षेप नाही, कलेचाही आहे. घाव घालणारा जोवर चेहऱ्याविना राहतो, तोवर घाव सोसणाऱ्यातील पालट एका मनाच्या आतच कोंडलेला राहतो. लाफोर्ग हुरोनांवर प्रेम करू लागतो. पण ज्यांनी त्याचे बोट कापले त्यांच्याशी त्याचे पुढे काय नाते, हा प्रश्न कादंबरीत उद्भवतच नाही. झोग यांच्या आयुष्यात उद्भवला तो नेमका हाच प्रश्न होता.

५

५ जानेवारी १६४४ रोजी पहाटे रेन येथील जेझुइट महाविद्यालयाच्या दाराशी एक दरिद्री वेषातील माणूस आला. तो कॅनडाहून आला आहे हे कळताच तेथील प्रमुखांनी फादर झोग यांची विचारपूस केली, आणि झोग यांना सांगावे लागले की तो माणूस आपणच. संघाने ज्यांना मृत किंवा मृतप्राय मानले होते ते परतले. राजमाता आन यांनी त्यांच्या तुटक्या हातांचे चुंबन घेतल्याचे वृत्तान्त सांगतात. जिवंतपणीच ते अवशेष झाले, दर्शनाची वस्तू झाले, आणि हे त्यांना नकोसे होते. दुसरीकडे अंगठा व तर्जनी यांनीच पवित्र भाकर धरण्याचा नियम असल्यामुळे मिस्सा अर्पण करण्यास ते अपात्र ठरले होते. त्यासाठी आठव्या अर्बन पोपची खास अनुज्ञा घ्यावी लागली. पूज्यता आणि अपात्रता या दोन्ही गोष्टी एकाच हातावर लिहिल्या गेल्या होत्या. वाचलेल्या माणसासाठी संघाच्या भाषेत सरळ जागा नव्हती, हेच यावरून स्पष्ट होते.

१६४४ च्या वसंतातच ते परतले. १६४५ मध्ये मोहॉक व फ्रेंच यांच्यात तह झाला आणि १६४६ मध्ये दूत म्हणून ओसेर्नेनोनला जाण्याची आज्ञा झोग यांना झाली. या आज्ञेला दिलेल्या उत्तरात ते कबूल करतात की पत्र उघडताच प्रथम आपले हृदय भयाने व्यापले. हौतात्म्य मागणारा तरुण आणि भीती मान्य करणारा हा माणूस यांत चार वर्षांचे अंतर आहे. पहिल्याला मरण ठाऊक नव्हते. दुसऱ्याचा देह ते ओळखून होता. तरीही तो गेला. इच्छेने केलेल्या त्यागापेक्षा भयासह घेतलेला निर्णय हा अधिक मानवी, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक कठीण विषय आहे. पत्रवाङ्मयात तो आला आहे. कादंबरीत आलेला नाही.

मे १६४६ मधील या प्रवासात, ख्रिस्ती अल्गोन्क्विनांच्या सल्ल्यावरून, झोग यांनी काळा झगा उतरवून साधा वेष घातला आणि धर्माविषयी आरंभीच न बोलण्याचे मान्य केले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी असा सल्ला ऐकला असता का, हे सांगणे अवघड आहे. परंतु परतताना त्यांनी आपल्या सामानाची एक पेटी गावात ठेवली. आत काय आहे ते त्यांनी दाखविले होते, तरी पेटी कुलूपबंद होती. आणि नंतर रोग आला, मक्यावर कीड पडली, तेव्हा गावातील अनेकांनी त्याचा दोष त्या पेटीला दिला. हा दोष निव्वळ अज्ञानाचा म्हणून सोडून देता येत नाही. पेटीत रोग नव्हता. पण पेटी ज्या जहाजांतून आली त्यांतून रोग आला होता. माणूस बदलला होता, त्याने वेष बदलला होता, बोलण्याची रीत बदलली होती. त्याच्या मागून येणारे मिशन बदललेले नव्हते. एका व्यक्तीचा पालट कितीही खरा असला तरी तो ज्या व्यवस्थेचा अंश असतो तिचा पालट त्यातून होत नाही, ही या चरित्रातील सर्वांत कठोर गोष्ट आहे.

१८ ऑक्टोबर १६४६ रोजी, पुन्हा आलेल्या झोग यांना एका घरी जेवावयास बोलावून, दाराशीच कुऱ्हाडीने मारण्यात आले. हे कृत्य अस्वल कुळातील काहींचे होते. लांडगा व कासव या कुळांचा त्याला विरोध होता. १९३० साली रोमने त्यांना संतपद दिले आणि हौतात्म्यकथेची घडी पुन्हा नीट बसली. मधली चार वर्षे त्या कथेत पूर्वतयारी म्हणून जमा झाली.

मात्र जेझुइटांच्याच वृत्तान्तांत एक तपशील टिकून राहिला आहे. कुऱ्हाड पडली तेव्हा ती अडविण्यासाठी एका मोहॉक तरुणाने आपला हात आडवा घातला आणि तो जखमी झाला. तो होनातेनियात नावाचा, झोग ज्या स्त्रीला आत्या म्हणत तिचा मुलगा होता. मराठी नात्याने आतेभाऊच. हल्ल्यातून वाचलेल्या मिशनऱ्यात कोणता पालट झाला, याचे उत्तर त्याच्या प्रार्थनांत किंवा संशयांत शोधण्याची वाङ्मयाची सवय आहे. मूर यांच्या कादंबरीनेही तेथेच शोधले. झोग यांच्या बाबतीत त्या उत्तराचा एक मोठा भाग त्यांच्या मनाबाहेर आहे. ज्या गावात त्यांची बोटे गेली त्याच गावात त्यांच्यासाठी पुढे झालेला एक हात होता, आणि तो पुढे झाला तो त्यांच्या धर्मासाठी नव्हे, घरातल्या माणसासाठी. हौतात्म्यकथेने या हाताला एका वाक्याची जागा दिली आहे. त्याच्या बाजूने लिहिलेली कथा अजून कोणी लिहिलेली नाही, आणि ती लिहिली जाईपर्यंत या विषयावरील वाङ्मय अर्धेच राहणार आहे.